मेरुलाच्या डोळ्यांवरची ढापणं

"बाई, खाली या! मेरुला उठत नाहीये!"

दळणघर सांभाळणाऱ्या फिलेरोसची हाक ऐकली आणि नोनियाच्या हातातली फुलांची परडी जिन्यावरच सांडली. त्या माणसानं कधी आवाज चढवलेला तिला आठवत नव्हता. मोठ्या जात्याचा दगड दुभंगला तेव्हा नाही, भट्टीच्या छपराला आग लागली तेव्हाही नाही.

घर आणि दळणघर यांच्यामध्ये एकच दार. त्याची कडी घराच्या बाजूनं. नोनियाच्या नवऱ्यानं ती बसवली, पाव चोरीला जायला लागले तेव्हा. रोज सूर्य बुडताना कडी लागायची आणि उजाडताना स्वयंपाकीण उर्सा ती काढायची. आजही तिनंच काढली होती. नोनिया तिच्यामागून आत गेली.

चारही मोठी जाती गप्प उभी होती. दगडांवर काल संध्याकाळी चढवलेल्या माळा जशाच्या तशा. आज चुलीची देवी वेस्ता हिचा सण. फार पूर्वी गाढवाच्या ओरडण्यानं देवीची अब्रू वाचली म्हणतात. म्हणून या दिवशी रोमच्या बंदरात, ऑस्तियात, एकही जातं फिरत नाही. गाढवांच्या गळ्यात फुलांच्या आणि छोट्या पावांच्या माळा घालून त्यांना गावभर मिरवतात. मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं मेरुला. किती वर्षं, ते मोजायचंही नोनियानं सोडून दिलं होतं.

ती म्हातारी गाढवी मेरुला गवतावर आडवी पडली होती. तोंडाशी फेस. गळ्यात सणाची माळ. माळेत जांभळी फुलं, पाव आणि मधूनमधून गुलाबी फुलांचे झुबके. त्या झुबक्यांची पानं अर्धी तुटलेली.

"कण्हेर," उर्सा पुटपुटली आणि तिनं तोंडावर पदर धरला.

नोनिया गुडघ्यांवर बसली. मेरुलाच्या डोळ्यांवर चामड्याची ढापणं होती. जात्याभोवती फिरताना जनावराला घेरी येऊ नये म्हणून बांधतात ती. नोनियानं हळूच ती सोडली.

"ही काल मी काढली होती, बाई," फिलेरोस म्हणाला. "सगळ्यांची काढली. सणाला कुणाच्या डोळ्यांवर ठेवत नाही आपण. तिथं खुंटीवर होती."

नोनियानं ढापणं ओच्यात टाकली. माळही गळ्यातून काढून घेतली.

तेवढ्यात रस्त्याकडच्या दारातून वात्रोनियस आला. मिरवणुकीसाठी मेरुलाला न्यायला. तो पाववाल्यांचा म्होरक्या, तिच्या गेलेल्या नवऱ्याचा जुना दोस्त आणि कायद्यानं तिचा पालक. बाईमाणसाच्या कुठल्याही मोठ्या निर्णयाला त्याची संमती लागायची. आजच्या निर्णयालाही ती त्यानं दिली होती. संध्याकाळच्या पंगतीत नोनिया फिलेरोसला आपल्या शेजारी जेवायला बसवणार होती. मालकिणीनं चार माणसांदेखत गुलामाला पंगतीला घेतलं, की तो मोकळा झाला. दूरच्या पुतेओली बंदरात फिलेरोसची बहीण वाट बघत होती. बोटीवर जागासुद्धा सांगून ठेवली होती त्यानं.

वात्रोनियसनं मढं बघितलं. माळ बघितली. त्याचं तोंड आंबट झालं.

"माळ कुणी विणली?"

"मी, मालक," फिलेरोस म्हणाला.

"कण्हेर कुठून आणलीस?"

"कण्हेर मी घातली नाही. जांभळी फुलं आणि पाव. एवढंच."

"मग ही आकाशातून पडली?"

"माळ विणून खुंटीला लावली होती. गळ्यात सकाळी घालतात. मी घालायला आलो तर ही आडवी, माळ आधीच गळ्यात."

"रस्त्याकडचं दार?"

"अडसर होता. आम्ही सगळे त्यालाच पाठ लावून झोपतो."

"म्हणजे बाहेरून कुणी आलं नाही."

"नाही."

"अरे गाढवा, तू स्वतःच्याच गळ्यात दोरी घालतोयस!"

"विचारलंत तेच सांगतोय, मालक."

"सुटकेच्या दिवशी कोण असं करेल?" नोनिया म्हणाली.

"मुद्दाम केलं असं कुठं म्हणतोय मी, वहिनी? डोकं पुतेओलीला पोचलं असेल आणि हात इथं. पण देवीचं जनावर गेलं. गावाला काय सांगू? अशाला पंगतीत बसवू? माझी संमती गेली म्हणून समज. आज सूर्य बुडायच्या आत ह्याला बेडी घाल, नाहीतर मीच मिठागरात विकतो."

बेडी! फिलेरोसनं खाली घातलेली मान वर केली. शिक्षेची बेडी एकदा पायात पडली, की पुढं कुणी मोकळं केलं तरी तो माणूस धड नागरिक होत नाही. रोमच्या आसपासही त्याला राहता येत नाही. हे ऑस्तियातल्या प्रत्येक गुलामाला ठाऊक होतं.

"काका, विकू नका त्याला."

दारात प्रिस्कस उभा होता. नोनियाचा प्रिस्कस. वेशीजवळच्या उकिरड्यावर कुणीतरी टाकलेलं पोर. नोनियाची कूस उजवली नव्हती. तिनं ते पदरात बांधून आणलं, देवीपुढं ठेवलं आणि आपलं म्हटलं. लहानपणी तो कशानंही झोपायचा नाही. मग ती त्याला मेरुलाच्या पाठीवर आडवं टाकायची. जातं घरघरायचं, मेरुला गोल गोल फिरायची आणि पोर गाढ झोपायचं. पिठानं भुवया पांढऱ्या झालेल्या.

"बेडी घाला हवी तर," प्रिस्कस म्हणाला. "पण इथंच राहू दे त्याला. म्हातारपणी मिठागरात मरेल तो. चुकला असेल, पण आपलाच माणूस आहे."

वात्रोनियसनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "पोर सोन्यासारखं वाढवलंस हो, वहिनी."

"आणि मी पान्साला निरोप धाडलाय," प्रिस्कस हलक्या आवाजात म्हणाला. "सणाच्या दिवशी मढं दारात नको, आई. तू वर जाऊन पड."

मेलेली जनावरं उचलणारा पान्सा गाडी घेऊन आलाही. मेरुला गेली.

नोनिया वर गेली नाही. दुःख झालं की तिला चुलीजवळ बसायची सवय. स्वयंपाकघरातल्या हातजात्यावरही तिनं काल संध्याकाळी स्वतः माळ ठेवली होती. आज ती एका बाजूला घसरली होती. नीट करायला म्हणून तिनं ती उचलली. दगडाला हात लागला. टाकीनं पाडलेल्या खाचांमध्ये पांढरट कोंडा बसला होता. बाकी दगड लखलखीत स्वच्छ.

"उर्सा, काल ह्यात काय दळलंस?"

"धने आणि मिरे. आजच्या पंगतीतल्या माशाच्या रश्शासाठी. तुमच्यासमोरच तर दळले, मग तुम्ही माळ ठेवलीत."

"आणि जातंही साफ केलंस. शिकलीस म्हणायची एकदाची."

"टोमणे नकोत हं, बाई, आजच्या दिवशी तरी," उर्सा फणकारली आणि कांदे चिरायला लागली.

नोनियानं दगडाला नाक लावलं. मग उठली, डोक्यावरून पांघरूण घेतलं आणि एकटीच बाहेर पडली.

रस्त्यात मिरवणूक लागली. वात्रोनियसचं तरणं गाढव पुढं होतं आणि पावलापावलाला थांबून, मान वाकडी करून गळ्यातला पाव खायला बघत होतं. पोरं हसत होती. मेरुला अशी नव्हती. तिनं कधी माळेला तोंड लावलं नाही. आधी शिस्तीनं, आणि अलीकडं दुसऱ्या कारणानं. ते कारण आठवलं आणि नोनियाचा पाय रस्त्यातच थबकला.

पान्साचं आवार वेशीबाहेर, वाऱ्याच्या उलट बाजूला.

"मावशी, तुम्ही? सणाचं नेसून? नाक तरी बांधा!"

"आंबलेल्या पिठाच्या वासात जन्म गेला माझा, बांधायला नको. मेरुला कुठाय?"

"कातडं मिठात. हाडं कढईत टाकायचीत. तुमच्या प्रिस्कसनं घाई लावलीय, सगळं टाकून हिचीच हाडं उकळून सरस काढ आधी म्हणून. म्हटलं, बाबा, गाढव मेलंय, लग्न नाहीये."

"जबडा दाखव."

पान्सानं विचित्र नजरेनं बघितलं, पण जबडा आणून तिच्या हातात दिला. पुढचे दात जवळजवळ नव्हतेच. जे होते ते हिरडीपर्यंत झिजलेले. दाढा गोट्यांसारख्या गुळगुळीत. जात्यातून उडालेली दगडाची कच जन्मभर कोंड्याबरोबर चावलेली. नोनियानं बोट फिरवलं. पार मागंपर्यंत.

"हिला काय घालत होतात खायला?" पान्सानं विचारलं. "ह्या तोंडानं गवत तुटलं नसेल."

"आंबोण. भिजवलेला कोंडा. फिलेरोस हातानं कालवून द्यायचा." ती थांबली. "पोटात काय निघालं?"

"तेच तर. आतडी कुत्र्यांपुढं टाकली तर एकानंही तोंड लावलं नाही. माझी कुत्री, मावशी! ती जोडासुद्धा खातात. म्हणून बघितलं. ते बघा कोपऱ्यात."

नोनियानं काडीनं उकरलं. कोंड्याचा लगदा. त्यात हिरवी पूड. पान नाही, पानाचा तुकडा नाही. मैद्यासारखी बारीक पूड.

"एवढं बारीक चावून खाल्लं म्हातारीनं?" पान्सा म्हणाला.

"हे चावलेलं नाही," नोनिया म्हणाली. "हे दळलेलं आहे."

जबडा पांघरुणाखाली धरून ती परत निघाली. वाट तीच, पण तिला ती दुप्पट लांब वाटली. वेशीजवळ आली तेव्हा तिनं उकिरड्याकडं बघितलं नाही. दर वेळी बघायची. तिथूनच तर तिला ते पोर मिळालं होतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा पंगत बसली. वात्रोनियस, भट्टीवाल्यांपैकी तिघं, नोनिया आणि तिच्या उजव्या हाताला प्रिस्कस. ओसरीत लोहार बेडी घेऊन बसला होता. फिलेरोस दाराशी उभा होता, भिंतीला न टेकता.

"वहिनी, आधी ते उरकून घे," वात्रोनियस म्हणाला. "सूर्य थांबणार नाही."

"उरकते. पण मला चार प्रश्न विचारू दे. फिलेरोस, काल मेरुलानं काय खाल्लं?"

"आंबोण, बाई. दोन वर्षं ती दुसरं काही खात नाही."

"का?"

"दात नाहीत तिला."

नोनियानं पांघरूण उलगडलं आणि जबडा ताटांच्या मध्ये ठेवला. एक पाहुणा मागं सरकला.

"जेवणाच्या जागी, वहिनी?"

"बघ नीट. ह्या तोंडानं कण्हेरीची पानं तोडली? चामड्यासारखी पानं?" तिनं माळ जबड्याशेजारी टाकली. "ही पानं माणसाच्या हातानं फाडलीत, तिनं खाल्ल्यासारखं दिसावं म्हणून. विष तिच्या आंबोणातून गेलं. पान्सानं पोट फाडलं. आत पूड निघाली, बारीक दळलेली."

"मग तर फिलेरोसच!" एक पाहुणा म्हणाला. "आंबोण तोच देतो."

"फिलेरोसला तिला मारायचंच असतं तर त्यानं स्वतःच्याच माळेत कण्हेर का खोवली असती? माळ त्याची आहे हे गावाला माहीत. ज्यानं खोवली, त्याला दोष फिलेरोसवर जायला हवा होता. आणि फिलेरोसनं दळली कुठं? मोठ्या जात्यांवरच्या माळा हललेल्या नाहीत, वात्रोनियस, तूही बघितल्यास. मूठभर पानांसाठी ते धूड फिरवलं असतं तर अर्धं ऑस्तिया जागं झालं असतं. उर्सा, इकडं ये. जातं वापरून झाल्यावर तू काय करतेस?"

"काय करणार? उठते." पाहुणे हसले. उर्सा लाल झाली. "आता सगळ्यांपुढं काढणार आहात का ते? नाही मी कोंडा घालून दगड पुसत! जन्मात नाही पुसला! धन्याचा वास राहिला तर राहिला, रस्सा चांगलाच होतो!"

"काल-आजही नाही पुसलास?"

"नाही म्हणजे नाही!"

"मग आज त्या दगडाला धन्याचा वास का नाही, उर्सा?"

उर्साचं तोंड उघडंच राहिलं.

"मी माळ ठेवल्यावर कुणीतरी त्यात काहीतरी दळलं," नोनिया म्हणाली. "सणाच्या दिवशी, देवीची माळ बाजूला काढून. आणि दळून झाल्यावर मूठभर कोंडा फिरवून दगड साफ केला. चोर असता तर तसाच टाकून पळाला असता. पण हे पाववाल्याच्या घरात वाढलेल्याचे हात. त्यांना घाण दगड सोडवतच नाही. ती सवय मी लावलेली आहे. लहानपणी हातात हात धरून."

माशाचा रस्सा निवत होता.

"दाराची कडी घराच्या बाजूनं असते. फिलेरोस आणि बाकीचे पलीकडं झोपतात. घरात आम्ही तिघंच होतो. उर्सा दगड पुसत नाही. मी..." तिनं आपले वाकडे झालेले सांधे पुढं केले. "ह्या हातांनी मला माळ ठेवता येते, जातं ओढता येत नाही."

"आई, काय बोलतेस तू?" प्रिस्कस हसला. "उर्सा खोटं बोलत असेल. त्या गाढवीला मारून मला काय मिळणार होतं? मीच तर फिलेरोससाठी रदबदली केली!"

"केलीस. विकू नका म्हणालास. मोकळं करा, असं नाही म्हणालास." तिनं ओच्यातून ढापणं काढली आणि त्याच्या ताटाजवळ ठेवली. "ही काल खुंटीवर होती. आज तिच्या डोळ्यांवर होती. दिवसभर मी हाच विचार केला, की का? आंबोण खायला ढापणं लागत नाहीत. मरायला लागत नाहीत. मारणाऱ्याला लागतात. आणि परक्याला नाहीत. ज्याला ती ओळखत होती, त्याला."

प्रिस्कसनं ढापणांकडं बघितलं. हात पुढं केला आणि मागं घेतला.

"बघत होती माझ्याकडं," तो म्हणाला. आवाज लहान मुलाचा झाला होता. "आंबोण पुढं केलं, तर आधी माझा खांदा हुंगला. नेहमीसारखा. मग मी..."

"प्रिस्कस!" वात्रोनियस ओरडला. "अरे पण का?"

"का? तो उद्या बोटीत बसणार होता म्हणून! दगडाला टाकी कधी घालायची, गहू किती भिजवायचा, कुठलं जनावर कधी सोडायचं, सगळं त्याच्या डोक्यात. मला येतं काय? तो गेला की वर्षात हे दळणघर बंद. ती म्हातारी तर तशीही येत्या थंडीत गेली असती!" तो नोनियाकडं वळला. "आणि तूच शिकवलंस, आई. मागच्या सणाला त्याला काय म्हणालीस? एवढं वर्ष थांब. त्याच्या आधीच्या सणालाही तेच. मी वेगळं काय केलं?"

नोनिया त्याच्या भुवयांकडं बघत होती, जणू तिथं अजून पीठ असावं.

मग ती म्हणाली, "वात्रोनियस, तुझी संमती?"

"आहे," वात्रोनियस म्हणाला. "लोहाराला घरी पाठवा रे."

"प्रिस्कस, ऊठ तिथून."

तो उठला. तिची उजवी बाजू रिकामी झाली.

"फिलेरोस, ये. बस इथं."

फिलेरोस आला. कसं बसायचं ते त्याला कळेना. जन्मभर त्यानं उकिडवं बसून खाल्लं होतं. नोनियानं स्वतःच्या ताटातला पाव मोडला आणि अर्धा त्याच्या हातात दिला. चौघांनी बघितलं. झालं. माणूस मोकळा झाला.

"तुला थांब म्हणणार नाही," ती त्याला म्हणाली. "बोट चुकवू नकोस."

तो मान हलवत राहिला.

प्रिस्कस भिंतीशी उभा होता. "आई, माझं काय?"

नोनियानं जबडा उचलला आणि त्याच्या दोन्ही हातांत दिला. ढापणंही वर ठेवली.

"मेरुलाच्या जात्याभोवतीची एक फरशी उचल. तिथंच पुर, तिच्या पायवाटेखाली. उद्या पहाटे दळण आहे. दुसरं जनावर तिथूनच फिरेल आणि त्याच्या मागं तू. पुढं कधी कुणी खणलं, तर त्याला एवढं तरी कळेल, की इथं एक म्हातारी होती, तिला दात नव्हते आणि तरी तिला इथं जपलं होतं."

तो दारातून पलीकडं गेला. फरशी उचकटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ माती उकरल्याचा. मग फरशी परत बसल्याचा.

अंगणातलं ऊन भिंतीवरून निघून गेलं. नोनिया उठली, दाराशी गेली. पलीकडून पावलं जवळ आली आणि दारापाशी थांबली.

"आई?"

सूर्य बुडाला होता. रोजच्याप्रमाणे तिनं घराच्या बाजूनं कडी घातली.